विहिरीचा चौकोन

कुणीच बोलत नव्हतं.

पुंडलिकनगरातल्या एका रिकाम्या प्लॉटवर चुन्याने चौकोन आखले होते आणि प्रत्येक चौकोनात एकेक मूल उभं होतं. हातात पाटी, पाटीवर एक आकडा. सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. शेजारच्या नव्या बांधकामावर पाणी मारणारा गडीही नळी हातात धरून थांबला. एवढी पोरं जमलीत आणि आवाज कसा नाही, हे त्याला कळेना.

पांढरे सर कडेच्या लिंबाखाली उभे होते. आज आपण मधे तोंड घालायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एरवी ते स्वतःच ओरडून सांगत, "हं, आता पहिली ओळ! आता दुसरी!" आज तसं करायचं नव्हतं. ज्या पुण्याच्या गणिती यंत्रासाठी हा सराव होता, त्यात मधे उभं राहून ओरडणारं कुणी असणार नव्हतं.

शेवटी कचरूला राहवलं नाही.

"सर, ही मंदी सांगतच नाय!"

"तू तरी कुठं सांगायलास?" मंदा फणकारली. "मी आधी ऐकणार. सरच म्हणले, आधी शेजाऱ्याचं ऐका, मग आपलं सांगा."

"मला बी तेच म्हणले की!"

"मग बोल तू आधी."

"मी कामून? तू बोल."

मागच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "सर, समदेच ऐकायलेत! बोलायचं कुणी मग?"

पोरं खो-खो हसली. सर हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी पुन्हा घातली. हाच नियम त्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये लिहिला होता. आधी शेजाऱ्याकडून आकडा घ्या, मग आपला द्या. तो कागद घेऊन ते तसेच पुण्याला गेले असते, तर तिथलं यंत्रही असंच गप्प उभं राहिलं असतं.

हा नियम आपल्या हातून का लिहिला गेला, तेही त्यांना उमगलं. त्यांच्या धनगरवाडीत मेंढरं बसवून झाल्यावर सगळे तीन दगडांच्या चुलीभोवती जमत. तिथं थोरल्याने तोंड उघडल्याशिवाय धाकट्याने बोलायचं नसे. आधी ऐकायचं. शिकून गणिताचे प्राध्यापक झाले, तरी ते अंगातून गेलं नव्हतं. गणितातसुद्धा उतरलं होतं.

इकडे पोरांचं भांडण पोरांनीच मिटवत आणलं होतं. मंदाने पायाच्या अंगठ्याने आपल्या चौकोनात फुली ओढली.

"हे बघा, फुलीवाल्यानं आधी बोलायचं. बिगरफुलीवाल्यानं ऐकायचं. मग उलटं."

"आन् फुलीशेजारी फुली आली तर?"

"येऊच द्यायची नाय. एक सोडून एक."

मग एकच कालवा झाला. फुल्या ओढल्या गेल्या, चुकलेल्या पुसल्या गेल्या आणि आकडे सुटले. चाळीस, पंचावन्न, बारा. शेजाऱ्यांचे चार आकडे ऐकायचे, त्यांची बेरीज करायची, चाराने भागायचं. येईल तो आपला नवा आकडा. पुन्हा तेच. खेळ एवढाच होता. कुंपणालगतची ओळ म्हणजे पाझर तलाव, त्यांचा आकडा बदलायचा नाही. पलीकडची शेवटची ओळ म्हणजे नाला. मधली सगळी जमीन. तलावाचं पाणी जमिनीच्या पोटातून एकेका चौकोनाने सरकत कुठवर पोचतं, ते पाट्यांवर दिसायचं.

मधल्या जमिनीत एका चौकोनाला चुन्याचं गोल कडं होतं. ती विहीर. तिथं आज कचरू उभा होता.

"सर, विहिरीचा आकडा वाढायला बरं का!" तो ओरडला. "आधी शून्य होता, आता सात आलाय!"

"बघ, अजून बघ," सर म्हणाले. ते त्याच्याकडे मान पूर्ण वळवून बघत होते. अलीकडे त्यांना तसंच बघावं लागे. समोरचं दिसायचं, कडेचं दिसायचं नाही.

घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं होतं. काचबिंदू आहे. नजर कडेने आत आत येत जाते. गेलेली परत येत नाही. उजवा डोळा जवळपास गेलाच आहे. डाव्यात थेंब टाकून जपायचं.

"किती दिवस?" सरांनी विचारलं होतं.

"ते सांगता येत नाही. पण वाचायचं-लिहायचं महत्त्वाचं काही असेल तर मागे ठेवू नका."

महत्त्वाचं एकच होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात वाडीतली विहीर आटली. अजून खाली जा, पाणी आहे, असं वरून आलेल्या सरकारी माणसांनी सांगितलं. वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, पाणी तिकडून येणारच. सरांचा थोरला भाऊ बिरू खाली उतरला. पोटात भूक, हातात पहार. मुरमाची कड सुटली आणि बिरू तिच्याखाली गेला. त्याला वर काढला तेव्हा त्याच्या अंगावरचं धोतर कोरडं होतं. खालची मातीही कोरडी होती. सर, म्हणजे सोनाजी, तेव्हा कॉलेजात शिकवत होते. निरोप मिळून ते पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. बिरूची बायको बानाबाई विहिरीच्या काठावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "भावजी, तुमी लई शिकले ना? मग सांगा. पाणी व्हतं का तिथं खाली?"

सोनाजींना सांगता आलं नाही. आधी ऐकून घेतात तसं त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून ते त्याचंच गणित करत होते. डोंगराचा उतार, खडकाच्या भेगा, दरवर्षीचा पाऊस. गणित चुकीचं नव्हतं, पण अफाट होतं. पटांगणातल्या मुलांएवढे चौकोन घेऊन खेळ होतो. खऱ्या उताराला हजारो चौकोन लागतात, आणि ते पावसाळ्यामागून पावसाळे पुढे न्यावे लागतात. विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक तुकडा करून पाहिला होता. तो बरोबर आला. सगळा उतार त्या कॉम्प्युटरच्या पोटात मावत नव्हता.

आणि यंदा दसऱ्यानंतर वर्तमानपत्रात ती सूचना आली. पुण्यात महासंगणक तयार होत होता. एकच मोठा मेंदू नाही. पुष्कळ लहान मेंदू शेजारी-शेजारी बसवलेले, प्रत्येकाने आपल्या वाट्याचं गणित करायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं. त्याचा पहिला नमुना उभा राहिला होता. तो पारखून बघायला संशोधकांकडून अर्ज मागवले होते. अर्ज संक्रांतीच्या आत पोचायला हवा होता. मंजूर झाला तर काही दिवस यंत्र वापरायला मिळणार. उन्हाळा लागताच नमुना मोडणार, आणि त्याचे भाग मोठ्या यंत्रात जाणार.

सरांनी ती सूचना बायकोला, वच्छलाबाईंना, वाचून दाखवली. ती त्यांनी डोळ्याजवळ धरून, एकेक शब्द टिपत वाचली.

"मंग कळंल का बिरूदादाचं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"कळंल. होतं किंवा नव्हतं, दोन्हीपैकी एक कळंल."

"नव्हतं असं निघालं तर?"

"तर तसं सांगीन वहिनीला."

अर्ज इंग्रजीत टाइप करून द्यायचा होता. शहागंजात रशीदभाईंचं टायपिंगचं दुकान होतं, घड्याळाच्या मनोऱ्यापासून जवळच. कॉलेजचे पेपर ते वर्षानुवर्षं टाइप करत आलेले. गणिताची चिन्हं हाताने काढायला जागा कुठे सोडायची, हे त्यांना सांगावं लागत नसे. त्यांची बोटं भराभर चालली होती, ती मधेच थांबली.

"सर, ये खाने में क्या डालूं? पूछ रहे, पहले किस मशीन पे चलाके देखे?"

"लिहा, गणिताचा भाग विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर. आणि शेजाऱ्याशी बोलण्याचा भाग पुंडलिकनगरातल्या मुलांवर."

"बच्चों पे?" रशीदभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मजाक नक्को करो सर. पूनेवाले हंसेंगे."

"हसू द्या."

"मैं लिख देता ना, लोकल मशीन. किसको मालूम पड़ता?"

"मला मालूम पडतं ना, रशीदभाई."

रशीदभाईंनी मान हलवली आणि सांगितलं तसं टाइप केलं. कागद ओढून काढताना म्हणाले, "अच्छा, एक बात बोलो. बच्चे बीच में बंद तो नहीं पड़ते?"

"पडले होते. एकदा."

"फिर?"

"कुणी आधी बोलायचं ते त्यांनी ठरवून टाकलं."

"समझदार हैं," रशीदभाई म्हणाले आणि अर्जाच्या दोन प्रती वेगळ्या करून दिल्या. "एक कॉलेजवाली. एक सीधे भेज दो, सब लोगां ऐसाच करते."

सरांनी दुसरी प्रत घडी घालून शबनम पिशवीत तळाला ठेवली.

अर्ज कॉलेजमार्फत जायला हवा होता. विभागप्रमुखाची शिफारस, आणि खाली प्राचार्यांची हमी. गणिताचे विभागप्रमुख तात्यासाहेब औताडे. त्यांचं आणि सरांचं नातं कॉलेजच्या आधीचं होतं. पोलीस ॲक्शननंतर त्या भागात मराठी शाळा निघाली, तेव्हा तात्यासाहेबांच्या वडिलांनी मेंढरांमागचा हा पोरगा उचलून शाळेत बसवला होता. पुढे शहरात आणून आपल्या घरी ठेवला. तात्यासाहेब त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. त्यांची पुस्तकं, त्यांचे सदरे सोनाजींना मिळत. जेवायला दोघांना पाट एकाच ओळीत मांडत. ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती, आणि सोनाजी ती विसरलेले नव्हते.

"ये सोना, बस," तात्यासाहेब म्हणाले. इतरांसमोर ते त्यांना पांढरे सर म्हणत. केबिनचं दार लागलं की सोना. त्यांनी अर्ज वाचला आणि मनापासून हसले. "पोरांवर चाचणी? अरे, हे काय लिहिलंस?"

"खरं तेच आहे, तात्यासाहेब."

"खरं आहे रे. पण कॉलेजचं नाव जाणार खाली." त्यांनी कागद पुन्हा वर-खाली पाहिला. "हे बघ, तुझ्यापाशी कशाला लपवू? मला यातलं काही कळत नाही. आपल्या वेळी लॉगटेबल होतं. करतो शिफारस, मी नाही म्हणतो का? पण आधी वरून सही आण. प्राचार्य नवीन आलेत. उद्या म्हणतील, औताड्यांनी मला न विचारता परस्पर पाठवलं."

सर प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य सभ्य माणूस. त्यांनी उठून खुर्ची दिली.

"पांढरे सर, माझी काहीच हरकत नाही. पण आपल्या विभागप्रमुखांनीच शिफारस केलेली नाही. त्यांच्या आधी मी हमी कशाच्या आधारावर देऊ? त्यांचं लिहून आणा, मी लगेच करतो."

सर तात्यासाहेबांकडे परत आले. तात्यासाहेब म्हणाले, "बघ, म्हणजे अडकवायचंय मलाच. त्यांना सांग, नुसतं पेन्सिलीने 'हो' लिहा." प्राचार्य म्हणाले, पेन्सिलीने कसं लिहायचं? दिवाळी आली. दिवाळीची सुट्टी झाली. मग परीक्षा आल्या. तात्यासाहेब भेटले की स्वतःच विचारत, "काय झालं रे तुझ्या अर्जाचं? केली का त्यांनी सही?" त्यात कपट नव्हतं. त्यांना खरोखर वाटत होतं की अर्ज दुसरीकडे अडलाय.

शिपाई पुंजाराम व्हरांड्यात स्टुलावर बसलेला असे. एकदा तो म्हणाला, "सर, ह्या दारापासून त्या दारापोतर एक सुतळी बांधा अन् अर्ज तिला टांगा. तुमचं जोडं तरी वाचतील."

सर हसले. मग सुतळी दिसावी तसं त्यांनी मान वळवून एका दाराकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. डोळ्यांपुढचं भोक आणखी लहान झालं होतं. एक दार पाहताना दुसरं दिसत नव्हतं.

एकदा त्यांनी धीर केला. तात्यासाहेब चांगल्या मनःस्थितीत होते; नातीचं बारसं झालं होतं. सर म्हणाले, "दोघांपैकी कुणी तरी एकानं आधी... म्हणजे, कुणी तरी आधी केल्याबिगर..."

"मग हे त्यांना सांग ना," तात्यासाहेब म्हणाले.

सर अर्ज घेऊन उठले.

थंडी पडली. तिळगुळाचे कागदी पुडे दुकानांवर लटकले. वच्छलाबाईंनी त्या दिवशी भाजी निवडता निवडता विषय काढला.

"दुसरा कागद हाय ना तुमच्या पिशवीत? टाका की पेटीत. रशीदभाईबी तेच म्हणले होते."

"तो आगाऊ प्रत म्हणून जातो. वरच्यांना डावलून."

"जाऊ द्या ना डावलून."

"तात्यासाहेबांना? त्यांच्या घरची भाकर खाल्ली मी, वच्छला. ते ओळीत घेऊन बसले मला."

"भाकर खाल्ली," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं. "व्हय, खाल्ली. मग डोळे काय गहाण टाकले त्यांच्यापाशी?"

सर उठले. पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर पडले.

क्रांती चौकात दुपारची गर्दी होती. पोस्टाची पेटी रस्त्याच्या पलीकडे होती. सर रस्ता ओलांडू लागले, आणि ज्या बाजूला त्यांना आता काही दिसत नव्हतं, त्या बाजूने रिक्षा आली. ब्रेक किंचाळले. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून शिवी घातली, "अंधा है क्या!" सरांनी त्याला हात जोडले. पेटीपाशी पोचल्यावर त्यांनी पाकीट काढलं. पत्ता होता, तिकीट होतं. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं आत गेलं.

तिथं ते बराच वेळ उभे राहिले असावेत. मागे एक बाई पोस्टकार्ड घेऊन आली. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "टाकायलात का नाय बाबा?"

सरांनी पाकीट बाहेर काढलं आणि बाजूला होऊन तिला वाट दिली.

आधी विचारू, त्यांनी ठरवलं. विचारून पाठवलं म्हणजे डावलल्यासारखं होत नाही. ते तिथूनच कॉलेजात गेले.

"तात्यासाहेब, मुदत संपत आली. तुमची परवानगी असंल तर एक प्रत मी सरळ पाठवतो. सह्या सावकाश झाल्या तरी चालंल."

तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. टेबलावरचा काचेचा गोळा या हातातून त्या हातात घेतला.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा."

"तसं नाय, तात्यासाहेब."

"मी करत नाही म्हटलं का? एकदा तरी म्हटलं? एवढ्या वर्षांत तुझं कुठलं काम अडलं माझ्यामुळे? आणि आज तू माझ्या डोक्यावरून..." ते खरंच दुखावले होते. "पाठव. पाठव बाबा. मोठा झालास."

सरांनी पाकीट पिशवीतून काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. "राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्यामार्फतच जाऊ द्या."

तात्यासाहेबांनी चहा मागवला. दोघांनी तो प्यायला. संक्रांत चार दिवसांवर होती. ती आली आणि गेली.

पटांगणातला खेळ चालू राहिला. मुलं आता सरांना विचारत नसत. चुना तीच आणत, फुल्या तीच ओढत. सर लिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि आवाज ऐकत. आवाजावरून त्यांना कळे की आकडे अजून हलताहेत की स्थिर झालेत. हलत असले की गोंगाट मोठा असे. स्थिर होत आले की मुलं तेच तेच आकडे कंटाळून सांगत, आणि आवाज खाली येई. वहीतलं मात्र त्यांना आता वाचता येत नव्हतं. अक्षराचा मधला भाग दिसायचा, कडा दिसायच्या नाहीत. मग तेही गेलं. उजेड आणि सावली एवढं उरलं. कॉलेजात त्यांनी रजा टाकली; कारण घरगुती लिहिलं.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी तात्यासाहेब स्वतः घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"वहिनी, तोंड गोड करा. सोना कुठाय?"

सर ओट्यावर बसले होते. आवाज ऐकून उठले.

"अरे, बस बस. ऐक. प्राचार्यांची बदली झाली. नवीन येईपर्यंत चार्ज माझ्याकडे दिलाय." तात्यासाहेबांनी पिशवीतून कागद काढल्याचा आवाज आला. "पहिलं काम तुझं केलं. शिफारस मी, हमी मी. दोन्हीकडे माझीच सही. आता कुणाची वाट बघायची? घे, झालं एकदाचं!"

त्यांनी तो अर्ज सरांच्या हातात दिला. सरांनी त्यावरून बोटं फिरवली. शिक्का उमटला होता तिथं कागद जरा खडबडीत लागत होता.

वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि सरांनी त्यांच्या दिशेने हात केला, थांब म्हणून.

"लई उपकार झाले, तात्यासाहेब," ते म्हणाले, आणि चाचपडत खाली वाकून पायांना हात लावला. त्या वाकण्यात त्यांचा हात आधी जमिनीला लागला, मग चपलेला. तात्यासाहेबांनी त्यांना दंड धरून वर उचललं. तेव्हा कुठे त्यांनी सरांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.

"सोना," ते म्हणाले. "अरे, तुला दिसत नाही?"

"जरासं. उजेड कळतो."

"मला बोलला नाहीस."

सरांनी अर्जाची घडी घातली. तात्यासाहेब पेढ्यांचा पुडा खुर्चीवर ठेवून निघून गेले. त्यांचे पाय ओट्याच्या पायऱ्यांवर सावकाश वाजत होते.

वच्छलाबाईंनी सरांचा हात धरून त्यांना क्रांती चौकात नेलं. अर्ज त्यांनी पेटीत टाकला.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या.

"सही केली त्यांनी. टाकायला पायजे."

उन्हाळ्यात पुण्याहून छापील कार्ड आलं. वच्छलाबाईंनी ते अडखळत वाचलं. मुदत संपल्यानंतर आलेल्या अर्जांचा विचार करता येत नाही. नमुना यंत्र बंद करण्यात आलं आहे. पुढील यंत्रासाठी मोठ्या संस्थांमार्फत नव्याने अर्ज करावेत. खाली सही नव्हती, नुसता शिक्का होता.

"ठेवू का कुठं?" त्यांनी विचारलं.

"कुठंही ठेव."

त्या वर्षी बानाबाई राख्यांच्या सुमारास शहरात आली होती. म्हातारी झाली होती, पण मेंढरांमागे अजून हिंडत होती. लोकरीची एक घोंगडी तिने दिराच्या मांडीवर ठेवली. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. विहिरीचंही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं सरांना त्या रात्री उशिरापर्यंत वाटत राहिलं.

पुन्हा दसरा झाला. प्लॉटचे मालक आता बांधकाम काढणार होते. विटांचा पहिला ट्रक कडेला उतरवून गेला होता. मुलांनी सरांना हात धरून लिंबाखाली आणलं.

"सर, आज शेवटचं खेळायचं. उद्यापासून पाया खोदणारेत," मंदा म्हणाली. तिचा आवाज वर्षात मोठा झाला होता.

चौकोन आखले गेले. फुल्या ओढल्या गेल्या. मग कुरबुर सुरू झाली. सरांनी कान दिला.

"काय झालं गं?"

"कचरू नाय आला. त्याच्या आज्जीला घेऊन घाटीत गेलेत. एक चौकोन रिकामा राहतो सर."

"कुठला?"

"विहिरीचा."

सर काठी टेकून उठले.

"मला घेऊन चल तिथं."

मंदाने त्यांना चौकोनांमधून नेलं. मुलं वाट देत मागे सरत होती, ते त्यांना पायांच्या आवाजावरून कळत होतं. एका जागी ती थांबली. "इथं. हे कडं तुमच्या चारी बाजूंनी हाय." तिने त्यांच्या हातात पाटी दिली. पाटी कोरी आहे की लिहिलेली, हे त्यांना समजलं नाही. त्यांनी ती छातीशी धरली.

"चला, सुरू!" कुणीतरी ओरडलं.

आणि पटांगण गप्प झालं.

सर ऐकत उभे राहिले. चारी बाजूंना चार मुलं होती. त्यांचे श्वास जवळ होते. एकाने नाक ओढलं. लांबून विटा उतरवल्याचा एक तुटका आवाज आला आणि थांबला. सर वाट पाहत होते. आकडा येईना. कुणीच बोलत नव्हतं.

"सर," मंदा हळूच म्हणाली. "तुमच्या चौकोनात फुली हाय."

सरांच्या लक्षात आलं नाही.

"म्हंजी आधी तुम्ही बोलायचं. बाकीच्या फुल्या बी तुमच्यासाठीच थांबल्यात. तुम्ही बोलल्याबिगर आमाला बोलता येत नाय."

वारा आला. लिंबाची वाळलेली पानं चौकोनांवरून सरपटत गेली. सरांनी पाटीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांचे ओठ हलले.

"मोठ्यानं, सर. ह्या अंगाला ऐकू नाय आलं."

त्यांनी मान वर केली.

"शून्य," सर म्हणाले.

आणि त्यांच्या चारी बाजूंनी मुलांचे आवाज सुरू झाले.